काचेला भोक पाडताना

घरी मासे पाळण्याची हौस वाढत गेली की एके दिवशी टाकीच्या काचेला भोक हवेसे वाटू लागते. कारण साधे आहे. पाणी स्वच्छ राहावे म्हणून मोठ्या टाकीखाली एक लहान टाकी ठेवतात. वरचे पाणी खाली येते, तिथे गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. पाणी खाली आणण्यासाठी काठावरून वक्रनळी, म्हणजे सायफन, सोडता येतो. पण वीज गेली, पंप थांबला आणि नळीत हवा शिरली की सायफन तुटतो. वीज परत आल्यावर पंप मात्र इमानाने पाणी वर चढवत राहतो आणि खालच्या टाकीतले पाणी दिवाणखान्यात येते! काचेलाच वरच्या बाजूला भोक असेल तर पाणी तिथवर चढले की आपोआप बाहेर पडते. त्याला सुरू करून द्यावे लागत नाही.

पण काचेला भोक पाडायचे कसे? लाकडाला गिरमिट लावले तर भुसा निघतो, लोखंडाला ड्रिल लावले तर चकल्या निघतात. काच यांपैकी काहीच करत नाही. ती एक तर शाबूत राहते, नाही तर तडकते. याचे कारण तिच्या रचनेत आहे. धातूवर ताण पडला की त्यातील अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. धातू वाकतो आणि ताण वाटला जातो. काचेतील अणूंची मांडणी अव्यवस्थित असते, बंध घट्ट असतात आणि असे सरकणे जवळपास होतच नाही. त्यामुळे एखाद्या जागी साठलेला ताण तिथेच राहतो.

अणूंमधल्या बंधांवरून हिशेब केला तर काच आपल्या अनुभवापेक्षा शंभरपटीहून अधिक मजबूत असायला हवी. मग ती इतकी नाजूक का? इंग्लंडमध्ये विमानांच्या संशोधनाशी संबंधित काम करणाऱ्या ग्रिफिथ या अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे उत्तर दिले. काचेत डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा असतात आणि ती तुटते ती या भेगांपासून. त्याने काचेचे तंतू ओढून तपासले. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या कांडीपेक्षा केसाहून कितीतरी बारीक तंतू सुमारे वीसपट मजबूत भरला, कारण इतक्या बारीक तंतूत मोठी भेग मावतच नाही.

आता भोकाचा विचार करू. पट्टीला एका दिशेने ताण दिला आणि तिच्यात गोल भोक असले, तर भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो. गंमत म्हणजे पट्टीच्या मानाने भोक लहान असेल तर ते आणखी लहान केले तरी हा आकडा तिप्पटच राहतो. भोक लांबट आणि ताणाला आडवे असेल तर मात्र हिशेब बदलतो. इंग्लिस या अभियंत्याने १९१३ साली मांडलेल्या सूत्रानुसार लांबी रुंदीच्या दसपट असेल तर टोकाशी ताण एकवीसपट होतो. फरसाणाच्या पाकिटाला कडेला छोटी खाच असली की ते सहज फाटते, खाच नसेल तर दातांनी ओढावे लागते, हे वर्गात करून दाखवता येईल. म्हणजे काचेला धोका गोल भोकाचा फारसा नाही. धोका आहे तो भोक पाडताना त्याच्या काठावर उमटणाऱ्या बारीक तड्यांचा.

म्हणून काच कापायची नसते, ती झिजवायची असते. यासाठी पोकळ नळीसारखे ड्रिल मिळते. त्याच्या कडेवर हिऱ्याची पूड निकेलच्या मुलाम्याने बसवलेली असते. काचवाल्याची हिरकणी आणि हे ड्रिल एकाच कुळातले. फरक इतकाच की हिरकणी एक ओरखडा काढून तिथून काच मोडू देते, तर ड्रिलचे असंख्य कण काचेचे अगदी लहान कपचे काढत खाली उतरतात. खंबातचे कारागीर अकीकाच्या मण्यांना भोके पाडतात तेही हिऱ्याच्याच टोकाने. दाब जितका कमी, तितका प्रत्येक कपचा लहान आणि मागे उरणारी भेगही लहान. ६ मिलिमीटर जाडीच्या काचेला पाच-दहा मिनिटे लागली तरी लागू द्यावीत.

घासण्याने उष्णता निर्माण होते. काच उष्णतेची वाईट वाहक असल्याने भोकाभोवतीची काच तापते, प्रसरण पावू पाहते आणि बाजूची थंड काच तिला अडवते. तापमानात सुमारे ५० अंश सेल्सिअसचा फरक पडला तरी साध्या काचेला तडा जाण्याइतका ताण निर्माण होऊ शकतो. थंड पेल्यात उकळता चहा ओतल्यावर होते तेच हे. म्हणून भोकाच्या जागेभोवती भिजवलेल्या कणकेचे आळे करून त्यात पाणी ठेवतात. पाण्याने काच थंड राहते, चुरा वाहून जातो आणि काचेची धूळ नाकात जात नाही. मात्र पाणी आणि विजेचे ड्रिल यांची जवळीक बरी नव्हे. बॅटरीवरचे ड्रिल घ्यावे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. नळीला मधे टोक नसल्याने ती सुरुवातीला काचेवर घसरते. त्यासाठी भोक असलेली प्लायवुडची फळी काचेवर पक्की धरून तिच्यातून ड्रिल उतरवावे. शेवटचा अर्धा मिलिमीटर सर्वांत फसवा. उरलेला पातळ थर दाबाने फुटतो आणि मागच्या बाजूने शिंपल्याच्या आकाराचा कपचा उडतो. तिथे हात अगदी हलका करावा आणि मागे लाकडाचा आधार द्यावा. भोक झाल्यावर काठ ओल्या बारीक पॉलिश पेपरने घासून घेणे अनेक जण टाळतात. ते टाळू नये. सगळ्या भेगा त्या काठावरच असतात.

पण ड्रिल हातात घेण्यापूर्वी एक चाचणी आवश्यक आहे. काच टफन केलेली असेल तर तिला भोक पाडताच येत नाही. अशी काच ६०० अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने झपाट्याने थंड करतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, आतला भाग नंतर आकसतो. परिणामी पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली राहतो. ड्रिल आतल्या थरात पोहोचले की सगळी काच क्षणात लहान तुकड्यांत विखुरते. अशा काचेत भोके हवी असतील तर ती टफन करण्याआधीच पाडतात. ओळखण्यासाठी संगणकाचा एलसीडी पडदा पांढरा करावा आणि ध्रुवीकरण करणाऱ्या काळ्या चष्म्यातून पाहत, पडदा काळा दिसेपर्यंत चष्मा फिरवावा. मग मधे काच धरावी. साधी काच असेल तर पडदा काळाच राहतो. टफन काचेत उजळ ठिपके आणि पट्टे दिसतात, कारण ताणाखालची काच प्रकाशाचे ध्रुवीकरण बदलते. हा गुणधर्म ब्रूस्टरने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोधला. टाकीची प्रत्येक काच वेगळी तपासावी. बाजूच्या साध्या आणि तळाची टफन, असे पुष्कळदा असते.

भोक कुठे असावे? कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतके दूर, आणि माझ्या मते मागच्या काचेत, वर. काही जण तळाला भोक पाडून आत उभा पाइप बसवतात. तो पाइप निखळला तर काय होईल, हे उदाहरण नववी-दहावीच्या वर्गात जरूर द्यावे. ७५ सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ४५ सेंमी पाणी असलेल्या टाकीत सुमारे १०० लिटर पाणी असते. तळाच्या भोकाशी पाण्याचा वेग सेकंदाला जवळजवळ ३ मीटर. भोक २५ मिलिमीटरचे असेल तर प्रवाह आकसतो हे धरूनही सुरुवातीला सेकंदाला सुमारे ०.८७ लिटर पाणी बाहेर पडेल आणि चारेक मिनिटांत टाकी रिकामी होईल. वरच्या भोकातून त्याच्या वरचेच पाणी जाते.

भोकात टँक निपल बसवताना रबरी वायसर घालावे, म्हणजे कडक प्लास्टिक काचेवर टेकत नाही. चाकी हातानेच आवळावी, पान्याने नाही. मग टाकी अंगणात किंवा गच्चीवर काठोकाठ भरून दोन-तीन दिवस तशीच ठेवावी. तासाभरात गळली नाही म्हणून आत आणू नये. ताणाखालच्या भेगेच्या टोकाशी पाण्याचे रेणू पोहोचले की ते सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्यातील बंध तोडायला मदत करतात आणि भेग अगदी हळूहळू, आवाज न करता पुढे सरकत राहते. पहिल्या दिवशी ठीक वाटलेली काच तिसऱ्या दिवशी तडकते ती यामुळेच, आणि तिसऱ्या दिवशी टाकी गच्चीवर असलेली बरी.