तीस सेकंदांत न मावणारे संगीत

रोज पन्नास हजार गाणी. डीझर या फ्रेंच संगीत-स्ट्रीमिंग कंपनीने नोव्हेंबर २०२५मध्ये हा आकडा जाहीर केला आणि तो सगळीकडे फिरला. पूर्णपणे यंत्राने रचलेली एवढी गाणी तेव्हा रोज त्यांच्याकडे येऊन पडत होती आणि एकूण आवकीत त्यांचा वाटा ३४ टक्के होता. आठ देशांतल्या नऊ हजार लोकांना ऐकवून पाहिले, तर ९७ टक्क्यांना यंत्राचे कोणते आणि माणसाचे कोणते हे ओळखता आले नाही. त्यानंतरची सगळी चर्चा गायकांभोवती झाली. कुणाचा आवाज चोरला, कुणाच्या वारसांनी नोटीस पाठवली, वगैरे.

या पुरात सगळ्यांत आधी बुडते ते वेगळेच संगीत, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. 'चिल', 'लाउंज', 'लो-फाय', 'डीप स्लीप' अशा नावांच्या याद्यांमध्ये असते ते. शब्द नाहीत, गायक नाही, ठेका असलाच तर अगदी सैल. ऐकणारा अभ्यासाला बसलेला, नाहीतर झोपायच्या बेतात. कोण वाजवतेय हे बघायला तो फोन उचलत नाही. नकली माल खपवायला याहून चांगली बाजारपेठ कुठली?

खरे तर हा धंदा यंत्राच्याही आधीचा आहे. 'डागेन्स न्यूहेटर' या स्वीडिश दैनिकाने मार्च २०२४मध्ये स्टॉकहोमच्या योहान रोर या संगीतकाराची गोष्ट छापली. त्याने साडेसहाशेहून जास्त वेगवेगळ्या नावांनी दोन हजारांवर रचना स्पॉटिफायवर चढवल्या होत्या. बहुतेक सगळ्या शांत, पियानोच्या, पार्श्वभूमीला चालणाऱ्या. त्या १५०० कोटी वेळा वाजल्या. पाठोपाठ अमेरिकी पत्रकार लिझ पेली यांनी दाखवून दिले, की अशा याद्यांमध्ये स्वस्तात मिळणारे, जवळपास निनावी संगीत भरण्यासाठी स्पॉटिफायमध्ये रीतसर कार्यक्रमच चालतो. रोर निदान हाडामांसाचा माणूस आहे.

मला संताप येतो तो यासाठी, की या संगीताला आईबाप आहेत, गाव आहे, पत्ता आहे. ते झोपेचे औषध म्हणून जन्माला आले नव्हते.

लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्टेशनच्या कमानींखाली 'हेवन' नावाचा नाइटक्लब आहे. १९८९मध्ये तिथे दर सोमवारी पॉल ओकनफोल्ड हा डीजे 'लँड ऑफ ऑझ' ही रात्र चालवायचा. मुख्य हॉलमध्ये मिनिटाला १२०च्या पुढचे ठोके. वेगळ्या एका खोलीत ॲलेक्स पॅटरसन, जिमी कॉटी आणि 'यूथ' या नावाने ओळखला जाणारा मार्टिन ग्लोव्हर ठेका जवळजवळ काढून टाकलेले संगीत तासन्‌तास लावत बसायचे. ब्रायन एनो या इंग्रज संगीतकाराच्या रेकॉर्डी, त्यावर पक्ष्यांचे, पाण्याचे, रेडिओचे आवाज, सगळे एकमेकांत मिसळून, आणि तेही हळू आवाजात. स्टीव्ह हिलेज हा गिटारवादक एकदा तिथे गेला, तेव्हा पॅटरसन त्याचीच दहा वर्षांपूर्वीची 'रेनबो डोम म्युझिक' वाजवत होता. दोघांची ओळख झाली आणि पुढे त्यांनी एकत्र काम केले. पॅटरसन आणि कॉटी यांचा 'द ऑर्ब' हा गट याच खोलीत वाजवायचा. कॉटी आणि बिल ड्रमंड यांच्या 'केएलएफ'ची 'चिल आउट' ही रेकॉर्ड फेब्रुवारी १९९०ची.

त्या खोलीची गरज शरीराची होती, हे लपवण्यात अर्थ नाही. एक्स्टसीच्या गोळ्या, बंद हॉल, पाणी न पिता चाललेला नाच. अंग तापून माणसे कोसळायची. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मँचेस्टरच्या महापालिकेने क्लबांसाठी सूचना काढल्या. त्यात पिण्याचे थंड पाणी आणि विसाव्याची वेगळी जागा या दोन्ही गोष्टी होत्या. एखाद्या संगीतप्रकाराच्या बैठकीची सोय महापालिकेच्या नियमांत बसावी, याचे मला अजून अप्रूप वाटते.

त्या खोलीत वाजणाऱ्या एनोला असे संगीत, म्हणजे 'ॲम्बियंट', कसे सुचले, ती १९७५चा अपघात, अंथरुणात पडल्यापडल्या कानावर येणारी हार्पची क्षीण रेकॉर्ड आणि बाहेरचा पाऊस ही कथा बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. ती पुन्हा सांगत नाही. तिच्यापेक्षा मला त्याच्या फितींची कारागिरी जास्त मोलाची वाटते. १९७८च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'मधल्या एका रचनेत बायकांच्या आवाजातला आकार आहे. एकेक लांब स्वर, बस्स. कलोनजवळच्या कॉनी प्लँक यांच्या स्टुडिओत प्रत्येक स्वराची फीत कापून तिची टोके एकमेकांना चिकटवली आणि कडे तयार केले. ही कडी इतकी लांब झाली, पन्नास ते सत्तर फूट, की टेपरेकॉर्डरवर मावेनात. मग ती ॲल्युमिनियमच्या नळीच्या खुर्च्यांभोवतून फिरवली. एक स्वर साधारण साडेतेवीस सेकंदांनी परत यायचा. दुसरा २६ला सेकंदाचा आठवा भाग कमी असताना, तिसरा ३०ला सोळावा भाग कमी असताना. एनोने १९९६च्या एका व्याख्यानात हे आकडे अदमासाने सांगितले.

मी गणित मांडून पाहिले. या तीन फिती एका क्षणी सुरू केल्या, तर तिघींची सम पुन्हा एकत्र पडायला जवळपास २७ दिवस लागतात. रेकॉर्डवर ती रचना नऊ मिनिटांची आहे. म्हणजे आपण जे ऐकतो ते एका महिनाभराच्या आवर्तनाचा इवलासा तुकडा. दोन स्वर कधी जवळ येतात, कधी एकमेकांवर पडतात, कधी मध्ये नुसती शांतता राहते, आणि यातली कुठलीही जुळणी आपल्या देखत दुसऱ्यांदा होत नाही. लक्ष दिले नाही तरी चालावे आणि लक्ष दिले तर गुंतून जावे, अशी अट एनोने स्वतःच्या संगीताला घातली होती. आजच्या याद्या त्यातला पहिला अर्धा भाग तेवढा पाळतात.

ताल सोडून स्वरावर असे थांबायची हिंमत पाश्चात्त्यांना कुठून आली, याची उत्तरे अनेक आहेत. त्यातले एक आपल्या ओळखीचे आहे. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँमुळे किराणा घराणे मराठी घरांत पोचले. त्याच घराण्याच्या अब्दुल वहीद खाँचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७०मध्ये न्यूयॉर्कला गेले. ला माँटी यंग आणि टेरी रायली हे दोन प्रयोगशील अमेरिकी संगीतकार त्यांच्यापुढे शिष्य म्हणून बसले. तंबोरा लावायला शिकले, एका स्वरावर तासभर राहायला शिकले. रायली आधीपासून टेपच्या कड्यांशी खेळत होता. दोन टेपरेकॉर्डर अंतरावर ठेवून एकावर नोंदलेला स्वर दुसऱ्यावरून उशिरा ऐकवायचा, ही त्याची युक्ती एनो आणि गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांच्या १९७३च्या रेकॉर्डवर आहे. किराण्याने ॲम्बियंट जन्माला घातले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण ज्याने विलंबित ख्याल मन लावून ऐकला आहे, त्याला या संगीतात परके वाटण्याचे कारण नाही. कान तयार आहेत.

आता गोवा. इथे मला जरा जास्त वेळ थांबायचे आहे, कारण या इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत गोव्याला नेहमी ट्रान्स या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या धडाडत्या ठेक्याचे खाते मिळते आणि विसाव्याचे श्रेय लंडनला जाते. मला ही वाटणी मान्य नाही.

हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर १९८०च्या दशकात रात्रभराच्या पार्ट्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक संगीत आले. उन्हात आणि धुळीत व्हिनाइल टिकेना, म्हणून कॅसेट आणि पुढे डॅट या डिजिटल टेपवर. रात्री काळेकभिन्न, सकाळ झाली की सुरेल आणि मोकळे, असा क्रम ठरत गेला. गोवा गिल या नावाने प्रसिद्ध झालेला अमेरिकी डीजे दिवस उलटून जाईपर्यंत वाजवत राहायचा. ऑक्टोबर २०२३मध्ये त्याचे गोव्यातच निधन झाले. पण त्या मैदानाच्या कडेला काय होते? गावातल्या बायका. संध्याकाळपासून त्या चटया अंथरायच्या, रॉकेलचे दिवे लावायच्या, स्टोव्हवर चहा ठेवायच्या, ऑम्लेट-पाव द्यायच्या. नाचून थकलेला माणूस येऊन चटईवर पडायचा, चहा घ्यायचा, दुरून संगीत ऐकत बसायचा आणि वाटले तर पुन्हा उठायचा. एकेक बाई रात्रभर तिथे जागी असायची. त्या काळी तिथे गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या आठवणीत या चटया आहेत.

नाचाला जोडून विसाव्याची जागा, तिथे मंद उजेड, बसायला जमीन, घोटभर गरम काहीतरी आणि घाई नाही, ही सगळी मांडणी हणजूणच्या बायकांनी आधीच करून ठेवली होती. लंडनने तिच्यासाठी वेगळे संगीत रचले, हे मान्य. आणि हे दोन किनारे एकमेकांना अनोळखी नव्हते. हिवाळा गोव्यात आणि उन्हाळा इबिझा या स्पॅनिश बेटावर काढणाऱ्यांची मोठी जमात होती. हेवनच्या खोलीतला यूथ गोव्याला आला आणि १९९३मध्ये त्याने 'ड्रॅगनफ्लाय' ही गोवा ट्रान्सची कंपनी काढली. त्याच्याच स्टुडिओत तंत्रज्ञ म्हणून काम केलेल्या सायमन पॉसफर्डने बासरीवादक राजा राम याच्याबरोबर 'श्पाँगल' हा गट केला. त्यांची १९९८ची पहिली रेकॉर्ड म्हणजे ट्रान्सवाल्यांनी मांडी घालून ऐकायचे संगीत. ठेका निवांत, बासरी, दूरवरून येणारे आवाज, वीस-वीस मिनिटांपर्यंत उलगडत जाणाऱ्या रचना. त्या चटयांचा माग मला त्यात स्पष्ट ऐकू येतो. चहावाल्या बायकांची नावे मात्र कुठल्याच रेकॉर्डच्या वेष्टनावर नाहीत.

इबिझाची गोष्ट थोडक्यात. सान अंतोनिओच्या 'काफे देल मार'मध्ये होसे पादिया १९९१पासून सूर्यास्ताला संगीत लावायचा. त्याआधी स्वतः निवडलेल्या संगीताच्या कॅसेटी तो बाजारात विकत असे. १९९४मध्ये त्याने काफेच्या नावाने पहिला संग्रह काढला. तो इतका चालला की जगभरच्या हॉटेलांनी त्याची भ्रष्ट नक्कल आपल्या लिफ्टमध्ये आणि स्वागतकक्षात लावली. लाउंज संगीत बदनाम झाले ते तिथे. पादिया ऑक्टोबर २०२०मध्ये गेला. त्याची मूळ निवड आज ऐकली, तरी प्रत्येक रचनेमागे एका माणसाचे डोळे आकाशाकडे लागलेले जाणवतात. ब्रिस्टलचे 'मॅसिव्ह अटॅक' आणि 'पोर्टिसहेड', व्हिएन्नाचे क्रूडर आणि डॉर्फमायस्टर यांनी हिपहॉप आणि जमैकाच्या डबमधून हाच संथपणा वेगळ्या वाटेने गाठला. त्यांच्यावर स्वतंत्र लेख हवा.

जून १९९२मध्ये ब्रिटनमध्ये एक मजेशीर गोष्ट घडली. एखादी रेकॉर्ड 'सिंगल' म्हणून यादीत धरली जायची, तर तिची लांबी ४० मिनिटांच्या आत हवी, असा नियम होता. 'द ऑर्ब'ने 'ब्लू रूम' काढली ती जेमतेम ४० मिनिटांच्या आत बसवून. ती आठव्या क्रमांकापर्यंत पोचली. 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमात बोलावणे आले, तेव्हा गटाचे त्या वेळचे दोघे सदस्य कॅमेऱ्यासमोर बुद्धिबळ खेळत बसले आणि मागे संगीत चालू राहिले. नियमाने दिलेला शेवटचा सेकंदही वेळ ताणण्यासाठी वापरणारे हे लोक होते.

आजचा नियम उलट्या बाजूचा आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकले की एक वादन मोजले जाते. पुढची साडेएकोणचाळीस मिनिटे ऐका नाहीतर सोडा, हिशेबात फरक नाही. त्यामुळे शहाणपण कशात? दोन मिनिटांचे तुकडे पाडण्यात, पहिल्या अर्ध्या मिनिटात कुणी दचकणार नाही याची काळजी घेण्यात, आणि असे शेकडो तुकडे शेकडो नावांनी चढवण्यात. ज्या संगीताचा प्राणच लांबीत आहे, सावकाश बदलण्यात आहे, त्याला ही मोजणी गुदमरवते. यंत्र नंतर आले. त्याने फक्त तयार झालेला साचा उचलला.

यंत्राने केले म्हणून वाईट, असे माझे म्हणणे नाही. एनोच्या फितीही यंत्रावरच फिरत होत्या, आणि कोणता स्वर कधी कुणाला भेटेल हे त्याने त्यांच्यावरच सोपवले होते. पण कोणते स्वर, किती सेकंद, कुठे थांबायचे हे एका माणसाने कान लावून ठरवले होते आणि त्याखाली स्वतःचे नाव घातले होते. जिथे कुणीच काही ठरवलेले नाही, कुणीच ऐकून पाहिलेले नाही, ते संगीत आपण का ऐकावे?

वाचकांना एवढेच सांगणे आहे. एखाद्या रविवारी या प्रकारातली एक रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' पाऊण तासाच्या थोडी पुढे जाते, 'चिल आउट' त्याहून लहान आहे. फोनवर नको, घरातल्या स्पीकरवर, हळू आवाजात. आणि यापुढे झोपेच्या किंवा अभ्यासाच्या यादीत एखादी रचना आवडली, तर थांबून तिच्या कर्त्याचे नाव शोधा. त्या नावामागे माणूस सापडला, तर त्याची रेकॉर्ड विकत घ्या. कुणीच सापडले नाही, तर ती रचना आपल्या यादीतून काढून टाका.