वसईचे ब्रिटोकर

आडनाव कानांवर पडले, की त्या माणसाचे गाव, जात आणि घराणे यांचा हिशेब लगेच मांडायचा, ही आपली जुनी खोड आहे. हा हिशेब किती फसवा असतो याचा एक दाखला आम्हां मुरुडकरांना अगदी शेजारीच मिळाला.

जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांची निवड जाहीर होताच काही मंडळींनी हरकत घेतली. ती त्यांच्या धर्माला होती. पण मी मराठीचा मास्तर म्हणून मला गावात जो तो विचारी तो प्रश्न निराळाच होता. "सर, दिब्रिटो हे आडनाव मराठी कसे हो?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर त्या आडनावातच दडलेले आहे. त्याची फोड 'दि ब्रिटो' अशी. पोर्तुगीज भाषेत 'दि' म्हणजे 'चा'. आणि ब्रिटो हे उत्तर पोर्तुगालमधले, गिमाराइंश शहराजवळचे एक गाव. तेव्हा निलंग्याचा तो निलंगेकर, तसा ब्रिटोचा तो ब्रिटोकर! पोर्तुगालशेजारच्या स्पेनमध्ये बापाच्या नावावरून आडनाव पाडण्याची रीतही मोठी. लोपेचा मुलगा लोपेझ, फर्नांडोचा मुलगा फर्नांडेझ. हीच आडनावे पोर्तुगीज वळणाने वसईत आली आणि लोपीस, फर्नांडिस झाली.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वसईला आले ते नाव. त्या नावाचे घराणे नव्हे. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. पुढे ज्या गावकऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांना नव्या नावाबरोबर पोर्तुगीज आडनावही मिळाले. पुष्कळदा ते पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे असे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, आडनावे मात्र राहिली. आणि त्या आडनावांच्या घरांतून सामवेदी, वाडवळी अशा मराठीच्याच बोली चालत राहिल्या. आडनाव लिस्बनकडचे, पण लग्नातली गाणी मराठीच!

यात नवल वाटायचे कारण नाही. आपल्या मराठवाड्यातली आडनावे एकदा तपासून पाहा. चिटणीस, पोतनीस यांतला 'नीस' हा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. इनामदार, जहागीरदार, दिवाण ही तर दरबारातूनच आलेली. सुलतान गेले, १९४८ साली निजामी अमलही संपला. पण चिटणिसांना "तुम्ही इराणचे काय?" असे कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. मग दिब्रिटोंनाच का विचारावे?

फादर दिब्रिटो १९४२ साली जन्मले आणि २०२४ च्या जुलैमध्ये निवर्तले. वसईच्या हिरवळीसाठी ते मराठीतून बोलले, भांडले. 'सुबोध बायबल' त्यांनी मराठीतच लिहिले. पूर्वजांवर कधी काळी कोणाचा अंमल होता, एवढेच आडनाव सांगते. माणूस कोणाचा, हे त्याने आयुष्यभर कोणाशी आणि कोणत्या भाषेत बोलणे केले, त्यावरून ठरवावे. तेवढे केले, तर पुढच्या वेळी असा प्रश्न विचारण्याची पाळी आपल्यावर येणार नाही.