ऑस्लोने क्रम बदलला

२२ मे २०२४ रोजी नॉर्वेचे पंतप्रधान योनास गार स्तोरे यांनी जाहीर केले, की २८ मेपासून नॉर्वे पॅलेस्टाइनला राष्ट्र म्हणून मान्यता देणार. आयर्लंड आणि स्पेननेही त्याच दिवशी तशीच घोषणा केली. इस्रायलने आपले राजदूत लगेच माघारी बोलावले. भारताने ही मान्यता १९८८ मध्येच दिलेली. मग आता एवढी खळबळ कशाला?

कारण नॉर्वे हा इस्रायल-पॅलेस्टाइन संघर्षातला जुना मध्यस्थ. जानेवारी १९९३ मध्ये सार्प्सबोर्गच्या एका हवेलीत दोन इस्रायली अभ्यासक आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे अहमद कुरेई गुपचूप भेटले. ही भेट जुळवून आणली होती तेर्ये रोड-लार्सन या नॉर्वेजियन संशोधकाने. त्यातूनच ऑस्लो करार झाला आणि सप्टेंबरात व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान राबिन व पॅलेस्टिनी नेते अराफत यांनी हात मिळवले.

तेव्हापासून ऑस्लोचे सूत्र ठरले: आधी वाटाघाटी, मान्यता अगदी शेवटी. तोवर जे करता येईल ते करत राहायचे. फेब्रुवारी १९९४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या हेब्रॉनमधल्या इब्राहिमी मशिदीत वसाहतीत राहणाऱ्या एका इस्रायलीने नमाजाला जमलेल्या २९ जणांचा जीव घेतला. त्यानंतर तिथे निःशस्त्र परदेशी निरीक्षक आले आणि १९९७ पासून नॉर्वेसह सहा देशांचे पथक शहरात गस्त घालू लागले. दिसेल ते नोंदवायचे, अहवाल दोन्ही बाजूंना द्यायचा, छापायचा मात्र नाही. २००२ मध्ये यातले दोघे गोळीबारात मारले गेले, तरी पथक हटले नाही. २०१९ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू यांनीच मुदतवाढ नाकारली.

नॉर्वेचे सर्वांत विलक्षण काम पैशांचे. पश्चिम किनाऱ्यावर मर्यादित कारभार पाहणाऱ्या पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या वाट्याची जकात आणि इतर काही कर इस्रायल गोळा करते; ते दरमहा प्राधिकरणाकडे वळते करायचे असे ठरलेले. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली. त्यानंतर इस्रायलचे अर्थमंत्री स्मोट्रिच यांनी यातली गाझासाठीची रक्कम रोखली. अपुरा हप्ता घ्यायला प्राधिकरणाने नकार दिला. पश्चिम किनाऱ्यावरच्या शिक्षकांचे, पोलिसांचे पगार अडले. शेवटी २०२४ च्या सुरुवातीला तोडगा निघाला: वादातली रक्कम नॉर्वेने अनामत म्हणून सांभाळायची. एकमेकांवर काडीचाही विश्वास नसलेल्या दोघांना चालेल असा तिसरा हाच देश होता.

मग ही पत पणाला का लावली? मे २०२४ मध्ये गाझातल्या युद्धातील मृतांचा आकडा तिथल्या आरोग्य मंत्रालयानुसार ३५ हजारांवर गेला होता आणि नेतान्याहू पॅलेस्टिनी राष्ट्राची कल्पनाच उघड फेटाळत होते. समोरच्याला करार करायचाच नसेल, तर ‘कराराच्या शेवटी मान्यता’ म्हणजे कधीच नाही. पॅलेस्टिनींमधल्या मवाळांना हात देण्यासाठी आता थांबता येणार नाही, अशी स्तोरे यांची भूमिका होती. ती पटण्यासारखी आहे. तीस वर्षांच्या सबुरीने पश्चिम किनाऱ्यावरच्या इस्रायली वसाहती थांबल्या नाहीत, उलट वाढल्या.

किंमत मोजावी लागलीच. घोषणेच्या दिवशीच स्मोट्रिच यांनी नॉर्वेकडे पैसे पाठवणे बंद करणार असल्याचे सांगितले. ऑगस्टमध्ये इस्रायलने आठ नॉर्वेजियन राजनैतिक अधिकाऱ्यांची मान्यता काढून घेतली आणि जेरुसलेमजवळच्या अल-राममधले नॉर्वेचे कार्यालय बंद पडले. पण सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सनेही करारापूर्वीच पॅलेस्टाइनला मान्यता दिली.