खोललंच आहे तर... : चालू भाग बदलावा का?

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, सर तत्त्वज्ञान सोडून गॅरेजात कधी शिरले? खरं सांगायचं तर हा प्रश्न आम्हाला वर्गात नाही, लातूरच्या एका गॅरेजातच पडला.

धाकट्या भावाच्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट गेली. मे महिन्याचा शेवट होता. क्लचपर्यंत पोहोचायचं तर ट्रॅक्टरचे मधून दोन भाग करावे लागतात. मिस्त्रीनं ते केले आणि विचारलं, "सर, खोललंच आहे तर रिलीज बेअरिंग आन् ऑइल सील बी टाकून घेऊ का?" बेअरिंग हातानं फिरवून पाहिलं, फिरत होतं. आम्ही म्हणालो, चालू वस्तू कशाला फेकायची? बियाण्या-खताला पैसे लागणार होते. भावानं आमच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. थोरल्याचा शब्द.

मृगात पाऊस झाला, वापसा आला आणि पेरणीच्या दुसऱ्या दिवशी बेअरिंग ओरडायला लागलं. ट्रॅक्टर पुन्हा फोडला. तीच मजुरी पुन्हा दिली. भाड्यानं ट्रॅक्टर मिळेना, कारण वापसा सगळ्यांच्याच रानात एकदम येतो. भावाचं सोयाबीन मागं पडलं. तो एका शब्दानं बोलला नाही. म्हणून तर हे व्याख्यान.

आमची चूक कुठं झाली? ‘चालू आहे’ हे वाक्य आजबद्दल असतं आणि निर्णय उद्याबद्दल घ्यायचा असतो. आजवर घडलं म्हणून उद्याही घडेल, याला तर्काचा पक्का आधार नाही, हे डेव्हिड ह्यूमनं अठराव्या शतकात दाखवलं. ते आम्ही अनेक वर्षं शिकवलं, पण बेअरिंग हातात आल्यावर विसरलो!

मग सगळंच बदलावं का? तेही नाही. पुढच्या मोठ्या कामाच्या वेळी आम्ही भीतीपोटी चांगला चालणारा सेल्फसुद्धा बदलायला लावला. नवा सेल्फ महिनाभरात गेला. जुना भंगारात दिलेला. म्हणजे दोन्ही बाजूंनी फी भरून आम्ही शिकलो आहोत. त्यातून तीन प्रश्न हाती आले.

पहिला : हा भाग वयानं झिजतो का? रबरी सील कडक होतं, बेअरिंगमधलं ग्रीस संपतं, क्लच प्लेट घासते. यांचं वय मोजता येतं. पण विजेचे, इलेक्ट्रॉनिक भाग बरेचदा वय न पाहता जातात. तिथं ‘जुना झाला’ एवढं कारण पुरत नाही. विमानांच्या देखभालीवर नॉलन आणि हीप यांचा १९७८ चा अहवाल प्रसिद्ध आहे. ठरावीक वयाला बदलून फायदा होईल, असे भाग त्यांना सुमारे ११ टक्केच आढळले. ट्रॅक्टर म्हणजे विमान नव्हे, पण ‘जुनं ते धोक्याचं’ ही समजूत तपासून घ्यावी, एवढं त्यातून नक्की कळतं.

दुसरा : इथपर्यंत पुन्हा यायला किती खर्च? समजा, बेअरिंग १,००० रुपयांचं आहे. ते नंतर गेलं तर फोडण्या-जोडण्याची मजुरी, खाडा आणि नवं बेअरिंग मिळून १०,००० जातील. मग पुढच्या क्लचपर्यंत ते जाण्याची शक्यता दहात एकपेक्षा जास्त असेल, तर आत्ताच बदलणं स्वस्त. पेरणी तोंडावर असेल तर खाडा महाग होतो आणि त्याहून कमी शक्यतेलाही बदलणं परवडतं. उलट सेल्फ बाहेरून चार बोल्ट काढून निघत असेल, तर तो आज बदलण्यात मजुरीची बचत काहीच नाही. कारमध्येही हेच. पुष्कळ इंजिनांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, म्हणून बेल्टबरोबर पंप बदलतात. डायनामो मात्र कुणी त्या निमित्तानं बदलत नाही.

तिसरा : नवा भाग जुन्यापेक्षा भरवशाचा आहे का? जुन्यानं निदान परीक्षा दिलेली असते. नवा डुप्लिकेट निघू शकतो, बसवताना चूक होऊ शकते. दुसऱ्या महायुद्धात सी. एच. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञानं ब्रिटिश विमानांच्या नोंदी तपासल्या. दर ५० तासांच्या तपासणीनंतर लगेच बिघाड वाढलेले दिसले! धडधाकट यंत्राला उगाच हात लावण्याचीही किंमत असते.

आता आपली एसटी घ्या. चिकलठाणा, दापोडी, हिंगणा इथं तिच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. हजारो गाड्या असल्या की सरासरी कामाला येते. एक गाडी बंद पडली तर दुसरी सोडता येते. शेतकऱ्याकडे ट्रॅक्टर एक आणि हंगामही एक. त्याला सरासरीवर जगता येत नाही. म्हणून वाटेतला, स्वस्त, झिजणारा भाग त्यानं बदलावा, हंगामाआधी तर नक्कीच. वाटेत नसलेल्या, नीट चालणाऱ्या भागाला हात लावू नये.

‘मिलिंदपञ्ह’मध्ये नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ नेमका कशात आहे? चाकात, आसात, की जुवात? एकट्या कशातच नाही. आमचं बेअरिंगही सुटं पाहिलं तेव्हा चांगलंच होतं. पण त्याला नव्या प्लेटबरोबर, त्या आठवड्यात, त्या रानात चालायचं होतं.

दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून थांबतो. काढलेला जुना भाग मिस्त्रीकडून मागून घ्या. चांगला असेल तर पुसून, ग्रीस लावून, कापडात गुंडाळून ठेवा, अडीनडीला उपयोगी पडतो. आणि निर्णय ज्याचं रान आहे त्याला घेऊ द्या. आता भाऊ विचारतो, "दादा, बदलू का?" आम्ही फक्त किंमत, मजुरी आणि तारीख विचारतो.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.