तिसऱ्या माळेचा पेला

2022 च्या नवरात्रात, तिसऱ्या माळेच्या संध्याकाळी, माझी धाकटी जाऊ आरतीचं ताट घेऊन घटासमोर उभी होती. "ताई, डोळ्यांपुढं अंधार येतोय," एवढंच तिला म्हणता आलं. मी ताट धरलं म्हणून निरांजन सांडलं नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली. ओठ पांढरे, हात गार, कपाळावर घाम.

त्या वर्षी तिनं नऊ दिवस फक्त रसावर राहायचं ठरवलं होतं. एरवी तिचे उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याचे पापड. त्यानं पोट फुगतं, अंग जड होतं, म्हणून "यंदा दाताला काही लावायचंच नाही" असा संकल्प. सकाळी मोसंबी, अकराला डाळिंब, दुपारी सफरचंद, चारला पुन्हा मोसंबी, रात्री डाळिंब. सगळं ताजं, सगळं गाळलेलं.

मी एकतीस वर्षं मिरजेतल्या रुग्णालयांत आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं. रुग्णांची ताटं मोजण्यात आयुष्य गेलं, पण घरातल्या जावेचा पेला मी तीन दिवस मोजला नव्हता, याची त्या संध्याकाळी फार टोचणी लागली.

घरच्या यंत्रावर साखर पाहिली, 92. सगळ्यांना हायसं वाटलं. पुतण्या धावत जाऊन आणखी एक पेला मोसंबीचा रस घेऊन आला. त्याला थांबवलं आणि रक्तदाब पाहिला. आडवी असताना 108 वर 70 आणि उभी केल्यावर 84 वर 56. तिला साखर कमी पडली नव्हती. तिला मीठ कमी पडलं होतं.

हे थोडं उलगडून सांगायला हवं, कारण रसाच्या उपवासात चक्कर आली की सगळे गोडाकडेच धावतात. आपण जेवण एकदम कमी केलं की रक्तातलं इन्शुलिन उतरतं. इन्शुलिन उतरलं की मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकू लागतात आणि त्याच्यामागोमाग पाणीही जातं. पहिल्या दोन-तीन दिवसांत काट्यावर जे वजन झपाट्यानं उतरलेलं दिसतं, त्यातलं बरंचसं हेच पाणी असतं. जेवणातून एरवी भाजी-आमटीबरोबर मीठ परत मिळतं. फळांच्या रसात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम मात्र नावालाच. मग उभं राहिलं की मेंदूपर्यंत रक्त चढायला वेळ लागतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. तिला तांब्याभर पाण्यात लिंबू, चमचाभर साखर आणि दोन चिमटी मीठ घालून घोटघोट पाजलं. अर्ध्या तासात ओठांना रंग आला.

रात्री तिच्या पाच पेल्यांचा हिशेब मांडला. एक लिटर रस म्हणजे साधारण साडेचारशे ते पाचशे कॅलरी, जवळपास सगळ्या साखरेतून. प्रथिनं जेमतेम पाच-सहा ग्रॅम. तिचं वजन 52 किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं धरली, तर तिला 43 ग्रॅम हवीत. म्हणजे गरजेच्या सात-आठ भागांतला एकच भाग पोटात जात होता. स्निग्धांश शून्याच्या जवळ, बी-12 नाहीच. आणि चोथा? तो गाळणीतून थेट गाईच्या घमेल्यात.

शरीर प्रथिनांसाठी थांबून राहत नाही. रोजच्या रोज जुन्या पेशी मोडतात, नव्या घडतात, आणि त्यासाठी अमिनो आम्लं लागतात. ती बाहेरून आली नाहीत की स्नायूंतून काढली जातात. पाण्यावरच्या उपवासापेक्षा रसाचा उपवास या बाबतीत थोडा बरा, कारण मेंदूला लागणारी साखर रसातून मिळते आणि तेवढ्यापुरते स्नायू वाचतात. पण थोडेच. नवव्या दिवशी जिना चढताना मांड्या भरून येतात, त्या "विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत" म्हणून नव्हे. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं वर्षभर करतच असतात, आणि त्या कामासाठी त्यांनाही प्रथिनं लागतात.

मी जावेला म्हटलं, "उपास सोड." ती म्हणाली, "ताई, घट उठेपर्यंत दाताला काही लावणार नाही म्हणून देवीपुढं बोललेय."

त्या वाक्यातच वाट होती. संकल्प न चावण्याचा होता. पेल्यात काय असावं, याबद्दल ती देवीशी काहीच बोलली नव्हती.

उपवासात भर घालणं म्हणजे उपवास मोडणं, असं अनेकांना मनापासून वाटतं. त्यांना मी पुण्याच्या आगाखान पॅलेसची आठवण करून देते. 10 फेब्रुवारी 1943 ला गांधीजींनी तिथं नजरकैदेत 21 दिवसांचा उपवास सुरू केला, तेव्हा ते 73 वर्षांचे होते. एरवीच्या उपवासांत ते मीठ घातलेलं पाणी घेत. या वेळी शरीर नुसतं पाणी स्वीकारत नाही, म्हणून पाणी पिण्याजोगं व्हावं यासाठी त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस घालणार, असं त्यांनी व्हाइसरॉयला आधीच पत्रानं कळवलं. हा उपवास प्राणांतिक नव्हता, झेपेल इतका होता, आणि झेपावा म्हणून त्यात काय मिसळायचं हे त्यांनी उघडपणे ठरवलं होतं. तरीही मध्यावर प्रकृती फार खालावली, आणि पाण्यात मोसंबीचा रस घ्यावा लागला. 3 मार्चला तो उपवास सुटला. ज्याच्या उपवासाकडे सारं जग डोळे लावून बसलं होतं, त्या माणसानं शरीराचं ऐकून पेल्यात बदल केला. मग आपण सांगली-मिरजेच्या बायकांनी का करू नये?

जर्मनीत ऑटो बुखिंगर या डॉक्टरांच्या नावानं जी उपवासपद्धत चालते, तिच्यात फळांच्या रसाबरोबर भाज्यांचं गाळलेलं सूप आणि थोडा मध असतो, तोही डॉक्टरांच्या नजरेखाली. मला त्यातलं सूप महत्त्वाचं वाटतं. गोड पेल्यांच्या रांगेत एक खारट पेला असला, तरी उपवास करणाऱ्याचा चेहरा बदलतो.

चौथ्या माळेच्या सकाळी आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहिलो. आता प्रश्न होता चालण्या-न चालण्याचा. आमच्याकडे उपासाला जिरं चालतं, हळद आणि मोहरी चालत नाही. कोथिंबीर चालते. गाजर तिच्या माहेरी चालतं, आमच्यात नाही. लाल भोपळा, काकडी, रताळं दोन्हीकडे चालतं. शेंगदाणे, दूध, दही, राजगिरा, खजूर यांना कुणाचीच हरकत नाही. ही यादी करताना माझ्या लक्षात आलं की आपल्या आज्यांच्या उपासाच्या डब्यात प्रथिनांची सोय पहिल्यापासून होती. रस काढायच्या नादात आपणच ती बाजूला ठेवली होती.

पहिला पेला मोसंबीचाच ठेवला, पण गाळणी काढून टाकली. मोसंबी सोलून, बिया काढून मिक्सरला फिरवली, वर अर्धा आवळा. पेलाभर गाळलेल्या रसाला तीन-चार मोसंब्या लागतात, एका बैठकीला तेवढ्या कुणी खात नाही. चोथ्यासकट दोनच मोसंब्यांनी पेला भरला. साखर निम्मी झाली आणि ती रक्तात शिरतेही सावकाश. त्यात रात्री भिजवून सोललेले दहा बदाम वाटून घातले.

दुसरा पेला ताकाचा. 200 ग्रॅम दही घुसळून, किसलेली काकडी, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ. सैंधव घ्यायचं तर घ्या, सोडियम दोन्हीत असतं. इथं सहा-सात ग्रॅम प्रथिनं आली आणि चक्करेचं औषधही आलं.

तिसरा पेला माझा आवडता. उपासाची दाण्याची आमटी सगळ्यांना माहीत आहे. ती पातळ केली. 40 ग्रॅम भाजलेले दाणे भिजवून अगदी गुळगुळीत वाटायचे, पाणी घालून उकळायचे, जिरं, हिरवी मिरची, आमसूल, मीठ. पिता येईल इतकी सैल ठेवायची. यातून दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि पोटाला तेलाचा आधार. जाऊ पहिला घोट घेऊन म्हणाली, "ताई, हे जेवल्यासारखं वाटतं." तीन दिवसांत प्रथमच तिनं पेला हातात धरून ऊब घेतली.

चौथा लाल भोपळ्याचा. फोडी वाफवून, घोटून, वर चमचाभर साजूक तूप. भोपळ्याचा केशरी रंग ज्या बीटा-कॅरोटिनचा, ते शरीरात शिरायला स्निग्धांश लागतो. त्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. गाजराचा गाळलेला रस रिकाम्या पोटी पिणाऱ्यांच्या पदरात त्यातलं फार थोडं पडतं. एका चमच्यानं एवढा फरक पडतो, म्हणून त्या चमच्यासाठी मी लोकांशी वाद घालते.

रात्री राजगिऱ्याची पेज. 30 ग्रॅम पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, मग दूध, दोन खजूर वाटून. एरवी धान्यांत कमी पडणारं लायसिन हे अमिनो आम्ल राजगिऱ्यात चांगलं असतं. दिवसभरात मिळून अर्धा लिटर दूध पोटात गेलं. हिशेब केला तर प्रथिनं चाळिशीच्या आसपास पोचली, कॅलरी अकराशे-बाराशेच्या घरात. डाळिंब तिचं लाडकं, तेही एक पेलाभर राहिलं, भिजवलेला सब्जा घालून. बद्धकोष्ठाची तिची तक्रार सहाव्या माळेला संपली.

आता जे मला कळकळीनं सांगायचं आहे ते. भर घातली म्हणजे कोणताही उपवास कुणालाही चालतो, असं मुळीच नाही. काय घातलं आणि काय राहून गेलं, दोन्ही बघावं लागतं. 1970 च्या दशकात अमेरिकेत बोस्टनला डॉ. जॉर्ज ब्लॅकबर्न यांनी स्थूल रुग्णांसाठी स्नायू वाचवणारा उपवास बसवला. कॅलरी अगदी कमी, पण प्रथिनं उत्तम दर्जाची, आणि वर क्षार, जीवनसत्त्वं, डॉक्टरांची देखरेख. थोड्याच वर्षांत त्याची नक्कल बाजारात आली, प्रथिनांचं पातळ औषध बाटलीत भरून. ते बनवलेलं होतं जनावरांच्या कातडी-कूर्चांतल्या कोलॅजनपासून. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, आणि अनेक जण ते महिनोन् महिने, कुणाला न विचारता पीत राहिले. 1977-78 मध्ये पन्नासहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. कित्येकांच्या हृदयाची लय बिघडली होती. बाटलीवर प्रथिनं लिहिलेली होती, तरी घात झाला. म्हणून कुणी डबा दाखवून "यात सगळं आहे" म्हणालं, की मी मागचं लेबल वाचते.

माझ्या वॉर्डात एकदा मधुमेहाचे एक आजोबा आले. एकादशीला फक्त नारळपाणी आणि गोळी मात्र नेहमीची. साखर 48. उपवासातही गोळी चालते, पण किती आणि केव्हा हे डॉक्टरांनी आधी ठरवून द्यावं लागतं. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तेच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हेच नारळपाणी, हेच फळांचे रस पोटॅशियममुळे घातक ठरू शकतात. मुतखडा होऊन गेलेल्यांनी पालक-बीटाचे पेलेच्या पेले रिचवू नयेत, त्यातलं ऑक्झलेट खड्याला खाद्य. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, वाढत्या वयाच्या मुली यांनी तर या वाटेला जाऊच नये.

आणि दुधी. सकाळी उठून दुधीचा रस पिणारे आता गल्लोगल्ली आहेत. कडू दुधीतली कुकर्बिटासिनं विषारी असतात. उलट्या, रक्ताची उलटी, जुलाब, रक्तदाब कोसळणं, आणि देशात यानं माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी 2012 मध्ये यावर अहवाल दिला. रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर सगळा फेकून द्या, दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा झाकू नका, आणि पिऊन त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठा. आले-लिंबू-मध घालून चव सुधारणारे लोक नेमकी शरीरानं दिलेली सूचना झाकतात.

दसऱ्याला पुरणपोळीचा घाट होता. मी सासूबाईंना विनवलं, "आई, तिला आज सकाळी मऊ भात आणि मुगाचं वरण, पुरण संध्याकाळी, आणि तेही अर्धीच पोळी." बरेच दिवस कमी खाल्लेल्या शरीरात एकदम गोडाचा मारा झाला की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं आणि हृदयावर ताण येऊ शकतो. पुढच्या दिवसांतल्या पेल्यांमुळे तिला तो धोका कमी होता, पण नऊ दिवस आराम केलेलं पोटही हळूच जागं करावं लागतं. सासूबाईंनी स्वतः भात घोटून दिला.

आता दर नवरात्रात आठवडाभर आधी तिचा फोन येतो. दाणे किती भिजवू, राजगिरा नवा आणला, दह्याला विरजण तुमच्याकडून नेऊ का. गेल्या वर्षी तिला पेल्यात दुधी हवा होता. मी गेले तेव्हा ती ओट्याशी उभी होती, मिक्सरचं झाकण उघडं. तिनं दुधीच्या देठाकडचा बोटाएवढा तुकडा कापला, जिभेवर ठेवला, थोडा वेळ थांबली, मग थुंकून चूळ भरली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "कडू नाही ताई. टाकते."