दिवसा दार बंद

सप्टेंबरात शिवनेरीच्या कड्याला दुर्बीण लावून बघा. ओल्या काळ्या कातळाच्या भेगांतून करंगळीएवढ्या जाड, मांसल फांद्या खाली लोंबताना दिसतील. त्यांच्यावर हिरवीगार पानं, आणि पानांच्या आडून डोकावणाऱ्या किरमिजी चांदण्या. एकेक चांदणी रुपयाच्या नाण्याएवढी, पाच टोकांची, वर पिवळे फराटे ओढलेली. ही शिंदळ माकुडी. नाव चारचौघांत घेताना जीभ जरा अडखळते खरी, पण ते गावकऱ्यांनी ठेवलंय, आपण बदलणारे कोण?

ही वनस्पती रानात आपसूक उगवते ती साऱ्या जगात फक्त महाराष्ट्राच्या सह्याद्रीत. तिथेही सगळीकडे नाही. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड, महाबळेश्वर अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर. शास्त्राच्या वहीत तिची नोंद केली निकोल डाल्झेल यांनी, १८६५ मध्ये, जुन्नर परिसरात सापडलेल्या रोपावरून. डाल्झेल मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याचे अधिकारी, आणि गव्हर्नर होते बार्टल फ्रिअर. साहेबाच्या नावावरून रोपाचं बारसं झालं: फ्रेरिया इंडिका. गंमत बघा, मुंबईतल्या फ्लोरा फाउंटनलाही आधी याच फ्रिअरचं नाव द्यायचं ठरलं होतं. कारंजं गेलं फ्लोरा या फुलांच्या रोमन देवतेकडे, आणि फ्रिअरच्या वाट्याला आलं कड्यावरचं एक फूल!

हिच्यात एवढं वेगळं काय? पानं. होय, साधी पानं! हिचा गोतावळा आफ्रिकेपासून भारतापर्यंत पसरलेला आहे. त्यातले बहुतेक जण निवडुंगासारखे दिसतात, नुसत्या रसाळ हिरव्या कांड्या. पानं असलीच तर नावापुरती, खवल्याएवढी. पाण्याची टंचाई असलेल्या मुलखात पानं म्हणजे चैन, ती त्यांनी कधीच सोडून दिली. मग हिलाच ही चैन कशी परवडते?

उत्तर ऐकायच्या आधी परसातल्या पानफुटीकडे या. १८१३ च्या सुमारास भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानं पानफुटीचं पान चघळून पाहिलं आणि तो चक्रावला. सकाळी पान आंबट लागायचं, दुपारी बेचव. रोज तेच. पानात रात्रीतून आंबटपणा येतो कुठून आणि दिवसा जातो कुठे?

झाडाला अन्न शिजवायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. त्यासाठी पानांवरची बारीक छिद्रं उघडावी लागतात, आणि छिद्रं उघडली की आतलं पाणी वाफ होऊन निसटतं. भात, गहू, आंबा हे सगळे भरदिवसा दारं उघडी टाकून स्वयंपाक करतात. पाणी जातं, पण मुळांशी ओल असते म्हणून चालतं. पानफुटीची तऱ्हा निराळी. ती रात्रीच्या गारव्यात दार उघडून दळण आणून ठेवते आणि दिवसा दार लावून भाकऱ्या थापते. रात्री आत घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठतो, कच्च्या सफरचंदात असतं त्याच आम्लाच्या. म्हणून सकाळी आंबट! दिवसभरात साठा संपतो, चव जाते.

आता शिंदळ माकुडी. लांगे आणि झुबर या संशोधकांनी १९७७ मध्ये तिचा श्वास मोजला, आणि जे निघालं ते वाचून मी तर खुर्चीतून उठलोच. तिची पानं भातासारखी वागतात, दिवसा दार उघडं. तिचं खोड पानफुटीसारखं वागतं, रात्री दार उघडं. एकाच रोपात दोन बिऱ्हाडं! पावसाळ्यात कातळावरून पाणी निथळत असतं तेव्हा पानं हात सैल सोडून खर्च करतात, भराभर वाढ होते. पाऊस सरला, कडा तापू लागला की रोप पानंच टाकून देतं. उरतं ते हिरवं खोड, काटकसरी म्हातारीसारखं, रात्रीच्या आणलेल्यावर दिवस काढणारं. सह्याद्रीत चार महिने धो धो आणि आठ महिने ठणठणाट. या हिशेबाला याहून चोख जुळणारा संसार कोणता असेल?

फुलाकडे मात्र नाक नेऊ नका. त्याला कुजका वास येतो. तो तुमच्याआमच्यासाठी नाहीच, माश्यांसाठी आहे. माशी फुलावर येऊन धडपडते, तिचा एखादा केस नाहीतर सोंडेचं टोक फुलातल्या खाचेत अडकतं. झटका देऊन सुटताना एक चिमुकला चिमटा तिला चिकटतो, त्याच्या दोन बाजूंना परागांच्या दोन थैल्या. खांद्यावर कावड घेऊन माशी पुढच्या फुलाकडे! ही कावड तुम्हाला मारुतीच्या रुईतही सापडेल, कारण रुई हिची भाऊबंद. पुढे शेंग तडकून म्हाताऱ्या उडतात त्याही रुईसारख्याच. पण कावड नेमक्या खाचेत पोचायला हवी ना. त्यामुळे फुलं खूप आणि शेंगा थोड्या असाच प्रकार दिसतो.

नावाचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. १९५८ मध्ये एका अभ्यासकानं तिला कॅरॅलुमा या मोठ्या घराण्यात घातलं. तिथे ‘इंडिका’ नावाची दुसरी एक आधीच बसलेली! तेव्हा गव्हर्नरसाहेब नावाच्या पहिल्या शब्दातून उठून दुसऱ्या शब्दात आले, कॅरॅलुमा फ्रेरी. नंतर घर आणखी बदललं, आणि २०१७ च्या नव्या मांडणीत तर ती थेट कंदीलपुष्पांच्या घराण्यात गेली. कड्यावर तिला याचा पत्ता नाही.

आता औषधाची गोष्ट. याच गोतावळ्यातली हूडिया कलहारीच्या वाळवंटातले सान लोक लांबच्या शिकारीत भूक मारायला चघळत. त्यावरून वजन घटवणारं औषध करण्यासाठी मोठमोठ्या कंपन्या धावल्या आणि बराच पैसा ओतून मागे फिरल्या, युनिलिव्हर २००८ मध्ये. आपल्याकडची माकडशिंगी ही जवळची नातलग, तिची भाजी लोक खातातच. तिच्या अर्काची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी बंगळूरमध्ये ५० माणसांवर झाली. भूक आणि कंबरेचा घेर कमी झाला, वजनात मात्र ठाम फरक दिसला नाही. या घराण्यात प्रेग्नेन ग्लायकोसाइड नावाची कडवट रसायनं सापडतात, सगळं कुतूहल त्यांच्याभोवती आहे. साहजिकच संशोधकांची नजर शिंदळ माकुडीकडेही वळते. माझं मत विचाराल तर हूडियाची हकिकत आधी वाचावी आणि मग परीक्षानळी हातात घ्यावी.

कारण औषधासाठी ओरबाडायला कडा काही शेत नव्हे. १९८० च्या दशकात जगातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या १२ वनस्पतींत हिचं नाव घेतलं गेलं. दरड कोसळली, वणवा आला, शेळीचं तोंड पोचलं की एक वस्ती साफ. आणि आता खरी कमाल ऐका: हीच दुर्मीळ बाई कुंडीत अगदी सोपी! खोडाचा तुकडा तोडायचा, जखम दोन दिवस सुकू द्यायची, वाळू मिसळलेल्या मातीत टोचायचा, मूळ फुटतं. टांगत्या कुंडीतून लोंबणाऱ्या फांद्या आणि त्यांवर किरमिजी चांदण्या इतक्या देखण्या दिसतात की युरोपातल्या हौशी लोकांच्या काचघरांत ती कधीचीच पोचली. प्रयोगशाळांत पेशींपासूनही तिची रोपं तयार करता येतात. म्हणजे बागेसाठी असो की औषधाच्या अभ्यासासाठी, कड्याला हात लावायची गरजच नाही.

रोपवाटिकेतून घेतलीत तर एकच सांभाळा. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून गळायला लागली की घाबरून पाणी घालू नका, खोड कुजेल. ती मेलेली नाही. तिनं फक्त दिवसाचं दार लावून घेतलंय. रात्री, घरातले सगळे झोपल्यावर, ती हळूच उघडेल.