क्रेनच्या पट्ट्यात सापडलेली बोटे

गेल्या दिवाळीच्या फराळाला गेर्लिंगेनमध्ये आपण जमलो होतो, तेव्हा एक मुलगा डाव्या हाताने चकली खाताना दिसला. आपल्याकडे डाव्या हाताने खाल्ले की आजीचा ओरडा ठरलेला, म्हणून थट्टेने विचारले. त्याने उजवा हात खिशातून काढून दाखवला. मधली दोन बोटे मिटतच नव्हती. "काका, गाडीच्या दारात सापडली," तो म्हणाला. कोणाच्या गाडीच्या, कधी, असे दोन प्रश्न विचारल्यावर तो गप्प झाला आणि मग हळूच म्हणाला, "दारात नाही, क्रेनच्या पट्ट्यात."

मुलगा इचलकरंजीचा. श्टुटगार्टला शिकतो आणि आठवड्यातून दोन दिवस जवळच्या एका छोट्या कारखान्यात विद्यार्थी-कामगार म्हणून जात असे. पाच टनी ओव्हरहेड क्रेनवर लोखंडी चौकट उचलायची होती. पट्टा नीट बसावा म्हणून याने तो हाताने धरून ठेवला, रिमोटवाल्याने बटण दाबले, पट्टा ताणला गेला आणि बोटे पट्टा व चौकट यांच्यामध्ये चिरडली. मुकादमाने स्वतःच्या गाडीतून त्याला साध्या घरगुती डॉक्टरकडे नेले आणि वाटेत सांगितले, "गाडीचे दार लागले असे सांग, उगाच कागद वाढतील." मुलगा घाबरलेला. चूक आपलीच, नोकरी जाईल, मग व्हिसाचे काय, हे सगळे त्याच्या डोक्यात एकदम आले. तो दार म्हणाला.

मी वकील नाही. तीस वर्षे यंत्रांच्या संगतीत घालवलेला अभियंता आहे. पण त्या संध्याकाळनंतर या विषयाच्या मागे लागलो, दोन जाणत्या माणसांना भेटलो, कायद्याची कलमे वाचली, आणि जे कळले ते येथे मांडतो आहे. श्टुटगार्टच्या या पट्ट्यात आपली बरीच मंडळी यंत्रांच्या आसपास वावरतात. टेकडीवर बॉशचे मुख्यालय आहे, आणि नाशिकच्या 'मायको'शी ज्यांच्या घराण्याचे नाते आहे अशांना तर हे गाव जुन्या ओळखीचेच वाटते. आपण बहुतेक संगणकापुढे बसणारे, हे खरे. तरीही नवे यंत्र बसवताना किंवा चाचणीच्या वेळी शेडमध्ये उभे राहावेच लागते, आणि वर लटकलेला बोजा पदवी विचारत नाही.

आधी एक गोष्ट करा. आपले पगारपत्रक काढून पाहा. आरोग्य विमा, निवृत्तिवेतन, बेकारी विमा, शुश्रूषा विमा, सगळ्यांची कपात तेथे छापलेली दिसेल. अपघात विम्याची कपात दिसणार नाही, कारण त्याचा सगळा हप्ता मालक भरतो. म्हणूनच तो आहे हेच आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. हा विमा चालवणाऱ्या उद्योगनिहाय संस्थांना बेरुफ्सगेनोसेनशाफ्ट म्हणतात. बोलताना सगळे 'बेगे' म्हणतात, मीही तेच म्हणतो. धातूकामाची वेगळी, बांधकामाची वेगळी, वीज व कापड उद्योगाची वेगळी. कामाच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक कामगार विमित असतो, विद्यार्थी-कामगारसुद्धा. नोंदणीचा कागद आपण भरावा लागत नाही.

ही व्यवस्था बिस्मार्कच्या काळची. 1871 च्या कायद्यानुसार कारखान्यातल्या कामगाराला भरपाई हवी तर मालकाची किंवा त्याच्या माणसाची चूक सिद्ध करावी लागे, आणि चिरडलेल्या हाताने ते कोणाला जमणार? 1884 मध्ये नवा कायदा झाला आणि एक सौदा ठरला. सगळे पैसे मालकांनी भरायचे, चूक कोणाची हे पाहायचे नाही, आणि त्या बदल्यात कामगाराने मालकावर दावा लावायचा नाही. हा सौदा आजही जसाच्या तसा उभा आहे. क्रेनच्या अपघातात आपल्यापुढे कोणते मार्ग उघडे आहेत आणि कोणते बंद, हे सगळे त्यातूनच निघते.

चूक कोणाची हे पाहायचे नाही, या शब्दांकडे पुन्हा एकदा लक्ष द्या. तुमची स्वतःची चूक असली तरी विमा मिळतो. मनाई असताना बोज्याखाली गेलात, हातमोजे घातले नव्हते, पट्टा हाताने धरला, तरीसुद्धा केवळ नियम मोडला म्हणून अपघात नाकारता येत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. आमच्या इचलकरंजीकराने ज्या भीतीपोटी खोटे सांगितले, तिला कायद्यात आधारच नव्हता.

मिळते काय? उपचार पूर्ण, आणि ते साध्या डॉक्टरकडे नव्हे. कामावरच्या अपघातासाठी खास नेमलेले शल्यविशारद असतात, त्यांना थोडक्यात डे-आर्त्स्ट म्हणतात. काम बंद पडले किंवा दुखापत त्या दिवसापलीकडे रेंगाळणार असेल तर त्यांच्याकडेच जायचे. हात, पाठीचा कणा यांच्या गंभीर जखमांसाठी ट्यूबिंगेनला बेगेचे स्वतःचे रुग्णालय आहे. पहिले सहा आठवडे सहसा मालक पूर्ण पगार देतो. त्यानंतर दुखापत भत्ता, एकूण पगाराच्या 80 टक्के, मात्र हाती येणाऱ्या निव्वळ पगाराहून जास्त नाही. तो साधारणपणे 78 आठवड्यांपर्यंत चालतो. साध्या आजारपणात आरोग्य विमा 70 टक्केच देतो, म्हणजे 'दार लागले' या दोन शब्दांची किंमत येथेच सुरू होते.

पुढे कायमचे अपंगत्व राहिले तर निवृत्तिवेतन. अपघातानंतर 26 आठवडे उलटल्यावरही कमावण्याची क्षमता निदान 20 टक्के घटलेली असली पाहिजे. पूर्ण निवृत्तिवेतन म्हणजे वार्षिक कमाईच्या दोन तृतीयांश. उदाहरणार्थ, अपघातापूर्वीच्या वर्षात 48,000 युरो मिळवणाऱ्याचे पूर्ण निवृत्तिवेतन 32,000 युरो. घट 30 टक्के ठरली तर वर्षाला 9,600, म्हणजे महिना 800 युरो. त्यावर आयकर नाही, आणि नोकरी चालू ठेवूनही ते मिळते. कमाई फार कमी असलेल्यासाठी कायद्याने किमान आकडा धरला जातो. माणूस गेला तर पदरी मूल असलेल्या पत्नीला वार्षिक कमाईच्या 40 टक्के आणि प्रत्येक मुलाला 20 टक्के, सगळे मिळून 80 टक्क्यांपर्यंत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे भारतात परत गेलात तरी निवृत्तिवेतन थांबत नाही. ते पुण्यातल्या खात्यावरही येते.

आता बंद दार. स्वतःच्या मालकावर, किंवा बटण दाबणाऱ्या सहकाऱ्यावर, वेदनेची भरपाई मागता येत नाही. मुद्दाम केलेली इजा असेल तरच अपवाद. मालकाची ढळढळीत बेफिकिरी असली तर? तर बेगे आपण खर्च केलेले पैसे मालकाकडून वसूल करू शकते, पण ते तिच्या तिजोरीत जातात, तुमच्या नाही. हे मला प्रथम पटले नव्हते. अजूनही पुरते पटलेले नाही. मोडलेल्या बोटाचे दुःख हिशेबातच धरायचे नाही, ही त्या जुन्या सौद्यातली कामगाराने मोजलेली किंमत आहे.

पण क्रेन हे यंत्र असे आहे की तेथे बऱ्याचदा तिसरा कोणी असतो. मोबाइल क्रेन आणि तिचा चालक भाड्याने आलेला असतो, पट्टे-साखळ्या आणखी कोणाच्या, आणि वार्षिक तपासणी करणारा वेगळाच. अशा बाहेरच्या संस्थेवर दिवाणी दावा लावता येतो, वेदनेच्या भरपाईसकट. यातही एक मेख आहे. तुमचे लोक आणि क्रेनवाले खांद्याला खांदा लावून एकच काम करत असतील तर तो चालक सहकाऱ्यासारखाच धरला जातो आणि सहसा सुटतो. त्याची संस्था मात्र देखभालीतल्या किंवा नेमणुकीतल्या स्वतःच्या कसुरीसाठी अडकू शकते. क्रेनची तपासणी वर्षातून निदान एकदा व्हावी लागते आणि तिची नोंद तपासणी वहीत राहते, म्हणून वकील पहिल्यांदा ती वही मागतो. दाव्याची मुदत तीन वर्षे, आणि ती नुकसान व जबाबदार माणूस कळला त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. मजूर पुरवणाऱ्या संस्थेमार्फत दुसऱ्याच्या शेडमध्ये गेलेल्यांनी मात्र लक्षात ठेवावे, की ती शेडवाली संस्थाही बहुतेक वेळा 'मालक' धरली जाते.

राहिले कागद. तीन दिवसांहून जास्त काम बंद राहिले तर मालकाने तीन दिवसांत बेगेला अपघाताचे सूचनापत्र पाठवायचे असते, आणि त्याची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. नुसते खरचटले तरी प्रथमोपचाराच्या नोंदवहीत लिहून घ्या. ती नोंद पाच वर्षे ठेवावी लागते, आणि खरचटण्याचे पुढे काय होईल हे त्या दिवशी कोणालाच माहीत नसते. मालक टाळाटाळ करू लागला तर तुम्ही स्वतः बेगेला पत्र लिहू शकता. निर्णयाचा कागद आला आणि तो पटला नाही तर एक महिन्याच्या आत लेखी हरकत. कागद भारतात पोहोचला असेल तर तीन महिने. हरकत फेटाळली तर सामाजिक न्यायालय, आपल्यासाठी श्टुटगार्टचे, आणि तेथे विमेदाराला न्यायालयाचे शुल्क नाही. धातू कामगारांच्या संघटनेचे तीन महिने सदस्य असलात तर तिचा वकील मिळतो. आपले अभियंते 'संघटना' म्हटले की नाक मुरडतात, त्यांनी याचा जरा विचार करावा.

आता ज्यांना पुण्या-बंगळुरूहून ठरावीक मुदतीसाठी येथे पाठवले आहे त्यांच्याविषयी. करार भारतीय, पगार भारतीय, मुदत आधीच ठरलेली असेल तर सहसा जर्मन अपघात विमा लागूच होत नाही. शेजारच्या बाकावरचा जर्मन सहकारी विमित आणि तुम्ही नाही, तेही एकाच क्रेनखाली. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार 2017 पासून लागू आहे, पण तो मुख्यतः निवृत्तिवेतनाचा आहे. म्हणून निघण्यापूर्वीच कंपनीकडून लेखी घ्या, की कामावरच्या अपघाताचा विमा कोणाचा आणि कितीचा. उलट जर्मन करारावर असलेल्याला चाकणला चार महिने पाठवले तर बेगेचे छत्र त्याच्याबरोबर जाते.

मायदेशी काय चालते? 31 जुलै 2023 च्या मध्यरात्री शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचा गर्डर लाँचर कोसळला आणि 20 माणसे गेली. राज्य सरकारने मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी 5 लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून 2 लाख जाहीर झाले. ही मदत, हक्क नव्हे. हक्काची भरपाई वेगळी. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कायद्यात महिना जास्तीत जास्त 15,000 रुपये पगार धरून, तिशीतल्या मृत कामगारासाठी ती साधारण 15 लाख 60 हजार होते. कंत्राटदाराने हात वर केले तरी मूळ काम देणाऱ्यावरही ती जबाबदारी येते. तेथे कामगाराला एक निवडही असते. हा कायदा घ्या किंवा दिवाणी न्यायालयात जा, दोन्ही नाही. आता तो कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. हातात पडते ती एकरकमी रक्कम. ती घर बांधण्यात किंवा बहिणीच्या लग्नात संपली की पुढची चाळीस वर्षे त्या घराने कशावर काढायची, हे तो कायदा विचारत नाही.

इचलकरंजीकराचे पुढे असे झाले. अपघाताला चार महिने होऊन गेले होते. मी त्याच्याबरोबर बसून बेगेला पत्र लिहिले. दाराची गोष्ट खोटी होती आणि ती का सांगितली, हे त्यात सरळ कबूल केले. त्या दिवशीच्या पाळीचा कागद आणि एका तुर्की सहकाऱ्याने सुजलेल्या हाताचा मोबाइलवर काढलेला फोटो जोडला. तो सहकारी साक्षीला उभा राहिला. पहिल्या डॉक्टरच्या नोंदीत 'गाडीचे दार' असल्यामुळे प्रश्न पुष्कळ आले, पण अपघात मान्य झाला. हातावर दुसरी शस्त्रक्रिया झाली, व्यायामोपचार चालू आहेत, सगळा खर्च बेगेचा. निवृत्तिवेतन मिळाले नाही. घट 10 टक्के ठरली.

मला आधी वाटले, मग या खटाटोपाचा उपयोग काय? जाणत्याने समजावले. हात पुढे बिघडला तर फेरतपासणी मागता येते. आणि देव न करो, आणखी एखाद्या अपघातात पुन्हा 10 टक्के घट आली तर दोन्ही मिळून 20 होतात आणि दोन्हींचे निवृत्तिवेतन सुरू होते. 'दारात सापडलेल्या' बोटांना यातले काही मिळाले नसते. निर्णयाचा तो कागद त्याने आईकडे इचलकरंजीला पाठवायचा म्हणून पाकिटात घातला होता. मी त्याला त्याची एक प्रत काढून मूळ कागद येथेच ठेवायला सांगितले.